माटोळीची यादी घेऊन बोटॅनिकल गार्डनला: युनिव्हर्सिटीची बाग नीट कशी बघायची

पहिल्यांदा मी गोवा युनिव्हर्सिटीच्या बॉटनी डिपार्टमेंटची बाग बघायला गेलो तेव्हा पाऊण तासात बाहेर आलो. मोबाईलमध्ये साठेक फोटो, त्यातले निम्मे पाट्यांचेच, आणि घरी विचारलं काय बघितलंस तर ‘झाडं’ ह्याच्या पुढे मला काही सांगता येईना. दुसऱ्या वेळी आतेला घेऊन गेलो, तिच्या पिशवीत माटोळीची यादी होती, आणि त्या दिवशी आम्ही चार तास आत होतो, शेवटी शिपाईच आला सांगायला की आता बंद करायचंय. बाग तीच, झाडं तीच. म्हणून पहिल्या भेटीसारखी भेट कशी टाळायची ते जमेल तसं सविस्तर लिहितोय.

आधी यादी

गोव्याबाहेरच्यांसाठी: चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपारी, तोरिंजन, आंबाडे आणि रानातली फळं-शेंगा बांधतात, ती माटोळी. आते सत्तरी तालुक्यातली, तिच्या लहानपणी हे सगळं रानातून यायचं, आता आम्ही फोंड्याच्या बाजारातून जुडी विकत आणतो आणि जुडीत काय आहे ते विकणाऱ्या बाईलाच ठाऊक. तर आतेने वहीच्या पानावर सोळा नावं लिहून दिली होती. माट्टी, कवंडळ, कांगलां, केवण, घागऱ्यो, फागलां, वाघनखी असं करत करत सोळा.

तुमची यादी वेगळी असू शकते. सोलकढीत आणि हुमणात काय काय पडतं ते, आजी ज्याचा काढा करायची ते, अंगणातलीच दहा झाडं, काहीही चालेल. पण यादी हवी. कारण बोटॅनिकल गार्डन म्हणजे पार्क नव्हे. पणजीत चर्चसमोर जी म्युनिसिपल गार्डन आहे ती गार्सिया द ओर्ताच्या नावाची आहे, हा पोर्तुगीज वैद्य ज्याचं इथल्या औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं, पण नाव एवढं मोठं असलं तरी ती बाग बसायची, भेळ खायची. युनिव्हर्सिटीच्या बागेत झाडं शोभेसाठी लावलेली नसतात, शिकवण्यासाठी लावलेली असतात, त्यामुळे शेजारी शेजारी असलेली दोन झाडं दिसायला एकदम वेगळी पण एकाच कुळातली असू शकतात, आणि बराचसा भाग तर रोपवाटिकेसारखा, म्हणजे कुंड्या, हिरवी जाळी, गळका पाईप. काही शोधत नसाल तर कंटाळा येणारच.

सोळा नावं एका दिवसात होतील असं समजू नका. आठ-दहा पुरेत.

कधी जायचं

दोनदा जा, एकदा पावसात आणि एकदा उन्हाळ्यात. एकदाच जमणार असेल तर ऑगस्टची अखेर ते सप्टेंबर. मोठे पाऊस थोडे कमी झालेले असतात, वेली चढलेल्या असतात, फुलंही असतात आणि कच्ची फळंही. मार्च-एप्रिलला गेलात तर झाडांच्या साली छान दिसतात, काजूला बोंडू असतात, पण वेली आणि जमिनीलगतची झुडपं बरीचशी गायब. वाघनखी तर उन्हाळ्यात जमिनीखाली कंद होऊन झोपलेली असते, कुठे होती तेही कळत नाही.

चवथीच्या सुट्टीत मात्र जाऊ नका, कोणी भेटणार नाही. शनिवार-रविवारही नको. सोमवार ते शुक्रवार, सकाळी साडेनऊच्या सुमारास, म्हणजे ऊन चढायच्या आत बाहेरची झाडं होतात आणि ऑफिस उघडलं की आतलं बघता येतं.

परवानगीचं काय

कँपसवर फिरायला आणि डिपार्टमेंटच्या बागेत शिरायला ह्यात फरक आहे. बागेत रिसर्चची रोपं असतात, कोणाची पीएचडी त्या कुंडीत वाढत असते, त्यामुळे न सांगता आत शिरलं की लोक वैतागतात आणि बरोबरच आहे. आठवडाभर आधी बॉटनीच्या हेडच्या नावाने साधा ईमेल टाका: किती जण, कुठल्या तारखेला, कशासाठी, आणि हर्बेरियमपण (वाळवलेल्या झाडांचा संग्रह) बघायचंय का. शेवटची ओळ विसरू नका, कारण हर्बेरियमची खोली कुलपात असते आणि किल्लीवाला माणूस त्या दिवशी असायला लागतो. उत्तर नाही आलं तर एकदा फोन करा. शाळेची मुलं नेणार असाल तर शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या. मी ‘माटोळीतल्या झाडांची शास्त्रीय नावं शोधायची आहेत’ असं लिहिलं होतं, आणि मला वाटतं त्या एका वाक्यामुळेच एक रिसर्च करणारी मुलगी आपणहून आमच्याबरोबर तासभर फिरली.

पोचायचं कसं: युनिव्हर्सिटी ताळगावच्या पठारावर आहे, पणजीच्या कदंब स्टँडवरून बस मिळते. बांबोळीला मेडिकल कॉलेजकडे उतरून चालत येऊ असं म्हणू नका, कँपस अवाढव्य आहे आणि सड्यावर, म्हणजे उघड्या कातळ पठारावर, सावली नसते. दुचाकी किंवा गाडी असली तर उत्तम, आत एका डिपार्टमेंटहून दुसऱ्याकडे जायलाही लागते.

पिशवीत काय

दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, म्हणजे हँड लेन्स. एवढी एकच गोष्ट विकत घ्या, बाकी सगळं घरात असतं. वापरायची पद्धत बहुतेकांची चुकते, भिंग पानाजवळ नाही तर डोळ्याला अगदी चिकटवून धरायचं आणि पान भिंगाकडे आणायचं, स्पष्ट दिसेपर्यंत. वही आणि पेन्सिल, पेन नको, पावसात शाई पसरते. पाणी, मच्छरांसाठी ओडोमॉस, बंद बूट. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, दोन्ही हात मोकळे राहतात. आणि घरातलं कोणीतरी वयस्कर माणूस. हे मी गंमतीने लिहीत नाही, पाटीवर शास्त्रीय नाव असतं, फार तर एखादं मराठी नाव, पण ‘घागऱ्यो’ कुठल्याच पाटीवर सापडणार नाही.

पाटी वाचायची कशी

पाटीवर साधारण तीन गोष्टी असतात. दोन शब्दांचं शास्त्रीय नाव, पहिला शब्द प्रजातीचा म्हणजे आडनावासारखा आणि दुसरा त्या जातीचा. नावाच्या मागे एखादं अक्षर किंवा तोडकं नाव, ते नाव देणाऱ्याचं, नुसतं ‘एल’ असेल तर लिनियस. ही दोन शब्दांची पद्धत झाडांसाठी १७५३ पासून धरतात. आणि तिसरं म्हणजे कूळ, ज्याच्या शेवटी ‘एसी’ येतं: माल्व्हेसी, फॅबेसी, रुबिएसी. वहीत कूळ लिहायला विसरू नका, घरी आल्यावर सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

आता नावांची मजा. आतेच्या यादीत घागऱ्यो होतं, शेंग वाळली की आत बिया सुट्या होतात आणि हलवली की घुंगरासारखी वाजते, म्हणून घागऱ्यो. पाटीवर होतं क्रोटालेरिया. त्या मुलीने सांगितलं की ग्रीकमध्ये क्रोटालोन म्हणजे खुळखुळा, शेपटी वाजवणाऱ्या अमेरिकन सापाचं नावपण ह्याच शब्दावरून आलंय. आते म्हणाली, “म्हणजे त्यांनीपण वाजवूनच बघितली की.”

करमल आणि बिंबल ही दोन्ही आंबट फळं एकाच प्रजातीतली, अव्हेरोआ, आणि हे नाव इब्न रुश्द ह्या अरबी विद्वानाचं, युरोपात त्याला अव्हेरोज म्हणायचे. भिरंडेचं, म्हणजे कोकमाचं, शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका, आणि गोव्यात हमखास कोणीतरी छाती फुगवून सांगतं की बघा गार्सिया द ओर्तावरून ठेवलंय. नाही. ते लॉरेंट गार्सिन नावाच्या दुसऱ्याच माणसावरून आहे. मीपण कित्येक वर्षं पाहुण्यांना चुकीचंच सांगत होतो.

पाटीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका मात्र. एका बागेत (गोव्यातली नव्हे) मी ‘अशोक’ ह्या पाटीचा फोटो काढून आणला, ग्रुपवर टाकला, आणि एका ओळखीच्या सरांनी सगळ्यांसमोर माझी काढली, कारण झाड होतं सरळसोट उंच वाढणारं, कंपाउंडला लावतात ते, जे सीताफळाच्या कुळातलं आहे, आणि खरा सीताअशोक शेंगांच्या कुळातला, त्याला केशरी फुलांचे गुच्छ येतात. कधी झाड मरतं आणि पाटी उरते, ती मग शेजाऱ्याच्या नावावर जाते. शिवाय नावं बदलतात. केवण, ज्याला मराठीत मुरडशेंग म्हणतात, त्याच्या जुन्या पाटीवर कूळ स्टर्क्युलिएसी लिहिलेलं असेल आणि नव्या पाटीवर माल्व्हेसी, दोन्ही वाचून गोंधळू नका, ते जुनं कूळ आता भेंडी-जास्वंदीच्या कुळातच घातलंय.

एकाच झाडापाशी अर्धा तास

हे नक्की करा. यादीतलं एक झाड निवडा आणि तिथेच थांबा. आम्ही माट्टी निवडली, मराठीत ऐन. तिची फळं आतेने आयुष्यभर माटोळीला बांधली आहेत, पाच पंख असलेलं फळ, कच्चं असताना हिरवट पिवळं.

आधी लांबून, सबंध झाड. मग साल, माट्टीची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी चौकोनी तडकलेली असते, एकदा बघितली की रानात चुकत नाही. मग फांदीवर पानं समोरासमोर आहेत की एक इकडे एक तिकडे, ते. पान साधं आहे की पानाचे तुकडे, हे ठरवायला देठाच्या बगलेत कळी शोधायची, जिथे कळी तिथून एक पान सुरू. बेलाच्या तिन्ही पानांना मिळून एकच कळी असते, म्हणून बेलाचं त्रिदळ हे तीन पानं नव्हे, एकच पान. शेवटी चीक येतो का, वास कसा, पण त्यासाठी खाली पडलेलं पान घ्या, तोडू नका.

खाली पडलेलं माट्टीचं पान उलटं केलं आणि देठाजवळ मधल्या शिरेवर भिंग लावलं. तिथे दोन गाठी असतात, छोट्या वाटीसारख्या, कडा जाड, मध्ये खोलगट, जणू कोणी दोन बारीक बटणं शिवून ठेवलीत. ह्या ग्रंथी, त्यांतून गोडसर रस येतो आणि मुंग्या फिरतात. आतेने भिंग घेतलं, चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं. “एवढी वर्षं पानं तोडली, ह्याला मागे कान आहेत हे कधी दिसलंच नाही बघ.” मग पुढची सगळी झाडं ती पान उलटं करूनच बघत होती, आणि शिपायालापण दाखवलं.

माट्टीची पण तीच नावांची भानगड: टर्मिनालिया टोमेंटोझा, क्रेन्युलाटा, एलिप्टिका, तिन्ही नावं तुम्हाला वेगवेगळ्या पाट्यांवर आणि पुस्तकांत दिसतील. तिन्ही वहीत उतरवा, सध्या एलिप्टिका जास्त चालतं.

बाकीचे विभाग पटापट

पाण्याच्या टाक्या: साळकां (वॉटर लिली) आणि कमळ ह्यातला फरक फुलावरून नाही, पानावरून बघा. साळकाच्या पानाला एका बाजूला खाच असते आणि ते पाण्यावर पसरतं, कमळाचं पान अखंड गोल, देठ मधोमध, पाण्याच्या वर उभं राहतं.

माड-पोफळी आणि बाकीचे पाम: खोडाच्या आत वाढीची वर्तुळं नसतात, एकदा जेवढं जाड झालं तेवढं. म्हणूनच २०१६ ला इथे माडाला कायद्याने झाडांच्या व्याख्येतून काढलं तेव्हा ‘शास्त्राप्रमाणे ते झाडच नाही’ असं म्हणायला लोकांना निमित्त मिळालं, २०१७ ला परत घेतला. आतेचं मत विचारू नका, ते छापण्यासारखं नाही.

नेचे आणि सायकस: मुलं बरोबर असतील तर नेच्याचं पान उलटं करून मागचे तपकिरी ठिपके भिंगातून दाखवा. सायकसला फूल नसतं, बी उघडंच.

औषधी विभाग: इथे सांभाळा. वाघनखीचं फूल बघून हात जातोच, लाल-पिवळ्या उलट्या वळलेल्या पाकळ्या, पानाचं टोक स्प्रिंगसारखं वळून आधाराला पकडतं, पण सगळं झाड विषारी, कंद तर जीवघेणा, त्यात कोल्चिसिन असतं. काजऱ्याच्या (कुचल्याच्या) बीत स्ट्रिक्निन, तेही विष. कवंडळाचं लालभडक फळ बघायला चेंडूसारखं, तेही तोंडात घालायचं नाही. कुठलंच फळ चाखू नका, हात धुऊनच डबा उघडा.

हर्बेरियम

लोक हे सोडून देतात आणि मला तेच सगळ्यात आवडलं. कपाटांची एक खोली, डांबरगोळ्यांचा वास, आणि साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवलेली, दाबून वाळवलेली झाडं. भारतात बऱ्याच ठिकाणी ही कपाटं बेंथम आणि हूकर ह्या दोघांच्या १८६२ ते १८८३ मधल्या जुन्या क्रमाने लावलेली असतात, त्यामुळे ‘एबीसीडीप्रमाणे द्या’ म्हणू नका, नुसतं शास्त्रीय नाव सांगा.

नियम थोडे पण कडक. शीट पुस्तकाच्या पानासारखी उलटायची नाही, दोन्ही हातांनी आडवी उचलायची आणि आडवीच ठेवायची. वर वही-मोबाईल ठेवायचा नाही. आणि हात लावलात तर बाहेर आल्यावर लगेच साबणाने धुवा, कारण किडे लागू नयेत म्हणून पूर्वी ह्या नमुन्यांना मर्क्युरिक क्लोराईड लावायचे, ते पाऱ्याचं विष आहे आणि जुन्या शीटवर टिकून राहतं.

उजव्या कोपऱ्यातल्या लेबलवर बघा: नाव, कोणी गोळा केलं, कुठे, कुठल्या तारखेला. जिवंत झाड तुम्हाला आजचं सांगतं, शीट सांगते की अमुक साली अमुक गावात हे होतं. आतेला कांगलांची शीट दाखवली तर ती झाडापेक्षा गावाचं नाव आधी वाचायला लागली. गावातली कांगलां आता लांब डोंगरात जाऊन आणायला लागतात.

निघताना सड्यावर

बाग झाली की लगेच गाडीत बसू नका. ताळगाव-बांबोळीचं पठार म्हणजे जांभा दगड, त्यावर बोटभर माती, ती पण कस नसलेली, आणि पावसाळ्यात अशा सड्यावर जे उगवतं ते कुंडीत लावून जगत नाही. गुडघे टेकून बघा. सीतेची आसवं, निळी-जांभळी, नखाएवढी. त्यांच्या मुळाशी मातीत सूक्ष्म पिशव्या असतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत त्या बारीक जीव आत ओढतात. मातीत नायट्रोजन फार कमी म्हणून हा उद्योग. दवबिंदू नावाच्या रोपाच्या पानावर चिकट थेंब असतात, भिंगातून बघितलं तर त्यात अडकलेली चिलटं दिसतील. पांढरे गेंद, आणि कडेला तेरडा, ज्याची पिकलेली बोंडी बोट लावलं की फट्‌कन फुटते, आते ह्यात पंधरा मिनिटं रमली होती. पाऊल दगडावर ठेवा, गवतावर नको.

घरी आल्यावर

त्याच रात्री वही पूर्ण करा, दुसऱ्या दिवशी ‘पान समोरासमोर होतं का’ हे आठवत नाही. तीन रकाने: आपलं नाव, शास्त्रीय नाव, कूळ. फोटो आयनॅचरलिस्ट किंवा प्लँटनेटवर टाकून बघा, पण ॲप जे सांगतं तो अंदाज, कुठल्या कुळात शोधायचं एवढं कळायला बरं.

माटोळी उतरवाल तेव्हा प्रत्येकाची एकेक डहाळी ठेवून स्वतःची शीट करून बघा. वर्तमानपत्रात पसरवायची, पान एक सुलटं एक उलटं दिसेल असं, वर वजन, आणि पहिले चार-पाच दिवस रोज कागद बदलायचे. मी पहिल्या वर्षी रविवारच्या पुरवणीचे गुळगुळीत रंगीत कागद वापरले, ते पाणी शोषतच नाहीत, आणि आपल्याकडची सप्टेंबरची हवा, चौथ्या दिवशी घागऱ्यांवर हिरवी दाढी. साधा खरखरीत कागद घ्या आणि गठ्ठा पंख्याखाली ठेवा. कवंडळासारखी रसाळ फळं वाळत नाहीत, ती आडवी कापून चकती दाबायची.

आमच्या सोळापैकी त्या दिवशी अकरा मिळाली. एका नावावर आते आणि ती मुलगी दोघी अडल्या, आतेच्या गावात त्याला एक म्हणतात आणि पेडण्यात दुसरंच, ते पुढच्या खेपेला फळ हातात घेऊनच नेणार आहे. उरलेल्यांसाठी बोंडल्याला जाऊ, तिथे अभयारण्यातच वेगळं बोटॅनिकल गार्डन आहे, फक्त गुरुवारी बंद असतं. आणि दिवाळीच्या सुट्टीआधी एक मोठी फेरी कोल्हापूरला, शिवाजी युनिव्हर्सिटीचं लीड बोटॅनिकल गार्डन, चोर्ल्यातून बेळगावमार्गे साधारण सव्वादोनशे किलोमीटर, तिथे कंदीलपुष्पांचा म्हणजे सेरोपेजियांचा संग्रह आहे. ईमेल टाकलाय. आतेने भिंग परत दिलेलं नाही.